शेतातली कला आणि नकाराचा हक्क

कलेचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील पुष्कळ कार्यकर्ते अधीर होतात. रोजगार हमीची कामे वेळेवर निघत नाहीत, शेतमालाला भाव नाही, प्राथमिक शाळेला दुसरा शिक्षक मिळत नाही. अशा वेळी उघड्या शेतात शिल्पे उभारण्याची आणि खाचराच्या बांधावर रंगीत आकृत्या रोवण्याची चर्चा त्यांना पोट भरलेल्यांचा विरंगुळा वाटते. ही अधीरता निराधार नाही. शहरातील कलावंत खेड्यात यावा, चार दिवस राहावा, छायाचित्रे काढून निघून जावा आणि गावाच्या पदरी उन्हापावसाने विटलेले सांगाडे तेवढे उरावेत, असे प्रकार आपल्याकडेही घडलेले आहेत. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची पार्श्वभूमी करून तिच्यापुढे आपली प्रतिभा मिरविणाऱ्यांविषयी संशय बाळगणे हे जागृत कार्यकर्त्याचे कर्तव्यच आहे.

तथापि संशय म्हणजे निर्णय नव्हे. जपानच्या डोंगराळ भागात गेली पंचवीस वर्षे चाललेला एक प्रयोग या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. त्या प्रयोगाची कीर्ती जगभरच्या कलाजगतात पसरली आहे; परंतु तेवढ्यासाठी आम्ही त्याची दखल घेत नाही. शेतात कला उभी करावयाची तर शेत कोणाचे, हा प्रश्न त्या प्रयोगाला पहिल्याच पावलाला भेडसावला आणि त्याला त्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले. समाजवादी कार्यकर्त्याला रस असावा तो त्या उत्तरात.

जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची शहर आणि त्सुनान गाव मिळून जो प्रदेश होतो त्याला एचिगो-त्सुमारी म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७६० चौरस किलोमीटर आहे. शिनानो ही जपानमधील सर्वांत लांब नदी येथून वाहते. हिवाळ्यात येथे माणसाच्या उंचीहून कितीतरी अधिक बर्फ साचतो आणि कित्येक आठवडे गावे त्याखाली दबून राहतात. सपाट जमीन मुळातच थोडी. म्हणून पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी डोंगराच्या उतारावर पायऱ्या कोरून भातखाचरे तयार केली. एवढेच नव्हे, तर ओढ्यांची वळणे फोडून प्रवाह सरळ केला आणि मागे उरलेल्या कोरड्या पात्रात भात लावला. आपल्या सह्याद्रीत उतारावर खाचरे राखणाऱ्या कुणब्याला किंवा महादेव कोळ्याला हे कष्ट निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या प्रदेशाची पडझड झाली ती निसर्गामुळे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या कारखानदारीला माणसे हवी होती आणि ती खेड्यांनी पुरविली. पहिल्याने हिवाळ्यापुरते घराबाहेर पडणारे पुरुष पुढे कायमचे टोकियोवासी झाले. अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात ज्या शेतकऱ्याला अधिक भात पिकविण्याची विनवणी करण्यात आली, त्यालाच १९७० च्या सुमारास भाताखालची जमीन कमी करण्यास सांगण्यात आले, आणि जमीन पडीक ठेवल्याबद्दल अनुदान देणारे हे धोरण २०१८ पर्यंत चालू राहिले. काम न करण्याबद्दल पैसे मिळणे ही वरकरणी कृपा दिसते. परंतु ज्याच्या आजोबांनी पाठीवर माती वाहून खाचर बांधले त्याला ती कृपा अपमानासारखी बोचली असल्यास नवल नाही. तरुण गेले, शाळा ओस पडल्या, घरे रिकामी झाली, आणि उरलेल्या लोकांत साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचा भरणा झाला.

शिनानो नदीची कथाही हेच सांगते. तोकामाचीजवळ नदीचे पाणी वळवून जी वीज निर्माण होते ती टोकियोच्या परिसरातील लोकलगाड्या चालविते. या वीजगृहासाठी मंजुरीहून अधिक पाणी उचलले जात असल्याचे उघडकीस आले, आणि २००९ साली जपान सरकारने पूर्व जपान रेल्वे कंपनीचा पाणी उचलण्याचा परवाना रद्द केला. पुढच्या वर्षी नदीत अधिक पाणी सोडण्याच्या अटीवर तो पुन्हा देण्यात आला. पाणी खेड्याचे, उजेड शहराचा आणि कोरडे पात्र पुन्हा खेड्याचे! कोयनेचे विस्थापित असोत की मुंबईसाठी आपल्या तालुक्यातील धरणे भरलेली पाहून स्वतः टँकरची वाट पाहणारे शहापूरचे आदिवासी असोत, त्यांना हा हिशेब अनोळखी वाटणार नाही.

अशा प्रदेशात कलेचे त्रैवार्षिक प्रदर्शन भरवावे, ही कल्पना नव्वदच्या दशकात निइगाताच्या प्रांतिक सरकारच्या एका विकास योजनेतून निघाली. ती राबविण्याचे काम फ्राम किटागावा यांच्याकडे आले. किटागावा हे १९४६ साली याच प्रांतात जन्मलेले, विद्यार्थी चळवळीच्या वातावरणात वाढलेले. १९८८ ते १९९० या काळात दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या निषेधार्थ एक चित्रप्रदर्शन जपानभर फिरविण्यात आले. त्यामागेही तेच होते, आणि हे प्रदर्शन जवळजवळ दोनशे ठिकाणी मांडले गेले. कलाकृती लोकांपर्यंत न्यायची असेल तर गावोगावच्या लोकांनीच ती मागवली पाहिजे, उभारली पाहिजे, हा धडा त्यांनी तेथे घेतला असावा.

एचिगो-त्सुमारीत मात्र त्यांना प्रारंभी कोणी मागितले नव्हते. स्थानिक प्रतिनिधींचा विरोध होता. सार्वजनिक पैसा रस्त्यांवर आणि पुलांवर खर्च व्हावयाचा सोडून मूर्तींवर का खर्च करावा, असा त्यांचा सवाल होता, आणि तो सवाल मुळीच मूर्खपणाचा नव्हता. शहरातून साहाय्यासाठी आलेल्या तरुण मुलामुलींकडे म्हातारी माणसे दाराआडून पाहत. कोणत्या तरी पंथाचे प्रचारक आले असावेत, अशीही शंका घेतली गेली. किटागावा आणि त्यांचे सहकारी यांनी यावर आदेशाचा मार्ग धरला नाही. त्यांनी गावोगाव शेकडो बैठका घेतल्या. वर्षानुवर्षे नकार ऐकून घेतला. पहिले प्रदर्शन २००० साली भरले तेव्हा दीड लाखांहून अधिक लोक आले. २०१८ साली हा आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. महामारीमुळे २०२१ चे प्रदर्शन एक वर्ष पुढे ढकलावे लागले, आणि २०२४ साली नववे भरले. परंतु आम्हांस या आकड्यांपेक्षा त्या आधीच्या बैठका महत्त्वाच्या वाटतात.

त्याचे कारण एका कलाकृतीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सोव्हिएत संघात जन्मलेले आणि तेथेच मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढून पोट भरलेले इल्या काबाकोव आणि त्यांच्या पत्नी एमिलिया यांनी मात्सुदाई येथील पायऱ्यांच्या खाचरांत एक रचना करण्याचे योजिले. नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी आणि भात बाजाराला नेणे अशी शेतकऱ्याची वर्षभराची कामे करणाऱ्या माणसांच्या निळ्या-पिवळ्या सपाट आकृत्या एकेका खाचरात उभ्या करावयाच्या, आणि समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या प्रेक्षकासमोर त्याच कामांचे वर्णन करणाऱ्या ओळी टांगावयाच्या. प्रेक्षकाला ओळींतून पलीकडे पाहताना शब्द, आकृती आणि खरे शेत ही तिन्ही एकमेकांवर बसलेली दिसतात.

शेताच्या मालकाने आरंभी नकार दिला. वाडवडिलांनी राखलेल्या जमिनीत परक्याने काही रोवावे हे त्याला पटले नाही. शिवाय त्याला दुखापत झालेली होती आणि शेती सोडून देण्याचा विचार त्याच्या मनात चाललेला होता. पुढे काबाकोव यांची रेखाचित्रे त्याने पाहिली. भातशेतीचे काम या परक्या माणसाने समजून घेतले आहे, त्या कष्टांविषयी त्याला आदर आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने होकार दिला. एवढेच नव्हे, तर शेती सोडण्याचा विचारही त्याने काही वर्षे लांबणीवर टाकला. कारण खाचरात भातच नसेल तर त्या आकृत्यांना अर्थ राहणार नव्हता.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या राज्यात काबाकोव वाढले तेथे शेतकऱ्याच्या पुतळ्यांना आणि चित्रांना तोटा नव्हता. हातात विळा, चेहऱ्यावर हास्य, मागे सोनेरी गव्हाचे शेत, अशी चित्रे कार्यालयाकार्यालयांतून लागलेली होती. त्याच काळात सक्तीच्या सामुदायिकीकरणाने लक्षावधी शेतकरी भुकेने मेले. त्यांना कोणी विचारले नव्हते. शेतकऱ्याचा गौरव करणारी कला आणि शेतकऱ्याला विचारणारी कला यांत केवढे अंतर असते हे काबाकोव यांना पुरते ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडेही शेतकऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याची सरकारी जाहिरात एस. टी. स्थानकावर लागलेली असते आणि तिच्याच सावलीत पीक विम्याच्या रकमेसाठी खेटे घालणारा शेतकरी बसलेला असतो. समाजवादाच्या नावाने पूर्वी जे अपराध घडले त्यांची लाज बाळगून आम्ही म्हणतो, की विचारणे हीच पहिली कसोटी आहे.

परंतु विचारण्याला अर्थ केव्हा येतो? ज्याला विचारावयाचे त्याला 'नाही' म्हणण्याचे सामर्थ्य असेल तेव्हाच. मात्सुदाईच्या त्या शेतकऱ्याला हे सामर्थ्य कोठून आले? त्याचे उत्तर कलेच्या इतिहासात सापडत नाही. ते जमिनीच्या इतिहासात आहे. युद्ध संपले तेव्हा जपानमधील सुमारे ४६ टक्के शेतजमीन कुळांकडून कसली जात होती आणि पिकाचा मोठा वाटा जमीनदाराच्या कोठारात जात होता. १९४६ पासून झालेल्या जमीन सुधारणेत सरकारने जमीनदारांची जमीन विकत घेऊन कसणाऱ्याच्या नावे केली, आणि अवघ्या चार-पाच वर्षांत कुळांकडील जमिनीचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. ही सुधारणा परकीय लष्करी सत्तेच्या देखरेखीखाली झाली हे खरे; तरी तिच्यामागे जपानी कुळांच्या संघटनांचा कित्येक वर्षांचा लढा होता. कसणारा मालक झाला म्हणूनच पन्नास वर्षांनंतर तो आपल्या बांधावर उभा राहून जगप्रसिद्ध कलावंताला नकार देऊ शकला आणि आपल्या मर्जीने तो नकार मागेही घेऊ शकला. शेतातली कला या क्रमाने येते: प्रथम जमीन, मग नकाराचा हक्क, मग होकार आणि त्यानंतर कला. हा क्रम उलटा केला की उरते ती केवळ सजावट.

होकारातून जन्मलेली कला गावाचा प्रश्न बोलू शकते, याचेही पुरावे तेथे आहेत. युकिहिसा इसोबे या कलावंताने २००० साली शिनानो नदी पूर्वी ज्या वाटेने वाहत होती ती वाट भातखाचरांतून सुमारे ७०० पिवळे खांब रोवून दाखविली. साडेतीन किलोमीटर लांबीची ही वळणे-वळणे घेणारी रांग म्हणजे नदीची आठवण होती, आणि रचनेचे नावच होते 'नदी कोठे गेली?'. ज्या प्रदेशाची नदी वीजगृहांकडे वळविण्यात आली तेथे हा प्रश्न निव्वळ सौंदर्याचा राहत नाही. एखाद्या मोर्चाच्या मागणीपत्रकात जे दहा कलमांत लिहावे लागते ते या खांबांनी एका दृष्टिक्षेपात मांडले. आणि अशी रांग अनेकांच्या खाचरांतून जाते. तिच्यासाठी अनेकांचा होकार मिळवावा लागतो.

फ्रेंच कलावंत क्रिस्तियान बोल्तान्स्की यांनी त्याच वर्षी उघड्या शेतावर पांढरे कपडे टांगले. गेलेल्या माणसांची उणीव वाऱ्याने हलताना दिसली. पुढे २००६ साली त्यांनी जाँ काल्मान यांच्यासह मात्सुनोयामा भागातील एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत अंधार, दिवे आणि पंखे यांची रचना करून तिला 'अखेरचा वर्ग' असे नाव दिले. दीडशे वर्षांहून जुन्या एका रिकाम्या घराच्या भिंती, खांब, छत आणि जमीन निहोन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी छिन्नीने इंच इंच तासून काढली. या कृतींत गोंडसपणा नाही. खेडे कसे रिकामे झाले याची ती साक्ष आहे, आणि साक्ष देणे हे दुर्बळांच्या बाजूने उभे राहण्याचे एक जुने साधन आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या निमित्ताने झालेले श्रमाचे देणेघेणे. प्रयोगाला साहाय्य करणाऱ्या शहरी तरुणांच्या गटाने स्वतःला 'कोहेबी', म्हणजे लहान साप, असे नाव घेतले. ते खांब रोवण्यास आले आणि गवत काढण्यास, बर्फ उपसण्यास, लावणीस राहिले. २३ ऑक्टोबर २००४ रोजी या भागात मोठा भूकंप झाला तेव्हा कलेची माणसे मदतकार्याला धावली. शहरातील कुटुंबांनी वर्षाला ठरावीक रक्कम देऊन एखाद्या खाचराचे पालकत्व घ्यावे आणि त्या खाचराच्या भाताचा वाटा त्यांना मिळावा, अशी योजना सुरू झाली. २०१५ साली स्त्रियांचा एक फुटबॉल संघ उभा राहिला. त्यातील खेळाडू याच प्रदेशात राहून सोडून दिलेली खाचरे कसतात. आपल्या श्रमदान शिबिरांत वाढलेल्या पिढीला यात आपलेच काही ओळखीचे दिसेल.

एवढे सांगितल्यानंतर दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे, नाहीतर हा लेख प्रवासी कंपनीचे पत्रक होईल. कलेने एचिगो-त्सुमारीची ओहोटी थांबविली नाही. २००० साली त्या प्रदेशाची लोकसंख्या पाऊण लाखाच्या वर होती. २०२० च्या जनगणनेत ती साठ हजारांच्या खाली आली. शाळा बंद पडत राहिल्या. २००५ साली एक प्राथमिक शाळा अवघी तीन मुले उरली असता बंद झाली. चित्रपुस्तकांचे चित्रकार सेइझो ताशिमा यांनी त्या मुलांची गोष्ट पाण्यात वाहून आलेल्या लाकडांतून शाळेच्या खोल्यांत उभी केली आणि २००९ पासून लोक तेथे रांगा लावून येऊ लागले. काम हृद्य आहे यात शंका नाही. परंतु शाळेचे संग्रहालय होणे म्हणजे शाळा वाचणे नव्हे. सरकारचे कृषी धोरण बदलले नाही, भाताचा भाव शेतकऱ्याच्या हाती आला नाही, तर कला ही मरणाऱ्या गावाच्या उशाशी ठेवलेले फूल ठरते. शिवाय अशा प्रयोगाला खर्च लागतो. तो प्रारंभी सार्वजनिक तिजोरीतून झाला आणि पुढे सोइचिरो फुकुताके यांच्यासारख्या उद्योगपतींचा आधार घ्यावा लागला. जो आधार देतो त्याची इच्छा आज ना उद्या शेतात उगवते.

हा धोका काल्पनिक नाही. जपानच्याच उत्तरेकडील आओमोरी प्रांतात इनाकादाते नावाचे खेडे आहे. तेथे १९९३ पासून निरनिराळ्या रंगांच्या भाताची रोपे लावून खाचरात विशाल चित्रे उगविली जातात आणि ग्रामकार्यालयाच्या मनोऱ्यावरून लोक ती पाहतात. २००८ साली चित्राच्या एका भागात एक विमान कंपनी आणि एक वृत्तपत्र यांची बोधचिन्हे भाताच्या रोपांनीच काढण्यात आली. जमिनीच्या मालकांकडून विरोध झाला. अखेर ग्रामप्रशासनाला जाहिरातीचा भाग उपटून टाकावा लागला. रोपे लावण्यापूर्वी विचारले नाही, म्हणून लावल्यावर उपटावी लागली. येथेही विजय झाला तो नकाराच्या हक्काचा, आणि येथेही तो जमिनीवरील मालकीमुळेच शक्य झाला.

आता आपल्याकडे वळू. कला खेड्यात नेण्याचा विचार आपल्या चळवळीला परका नाही. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी चित्रे काढण्यापेक्षा लोकांच्या मनातील रामायण रंगवा, असे डॉ. राममनोहर लोहिया यांनी मकबूल फिदा हुसेन यांना सुचविले होते. पुढे हैदराबादच्या बद्रीविशाल पित्ती यांच्या पाठबळाने हुसेन यांनी रामायणावर कितीतरी चित्रे काढली आणि त्यांतील काही बैलगाडीतून खेड्यात नेऊन मांडली. या चित्रांचा अर्थ काय, असा प्रश्न खेडुतांनी विचारला नाही, असे हुसेन यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तर महाराष्ट्राची गावे पायाखाली घातली. वसंत बापटांची गीते, पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे', निळू फुले यांच्यासारखे नट, ही त्याच मातीची कमाई. त्या कलापथकाला गावात पाय ठेवण्यापूर्वी गावाशी बोलावे लागे. मारुतीच्या पारावर बसून रात्रीच्या खेळाची जागा ठरवावी लागे, आणि दलितांना पुढे बसू देणार की नाही हा प्रश्न तेथेच निघत असे.

शिवाय आपल्या शेतांना कला शिकविण्यासाठी कोणी बाहेरून येण्याची गरजही नाही. लातूर-धाराशिव भागात वेळा अमावस्येला कडब्याची कोपी उभारून, दगडांचे पांडव मांडून, घरातले झाडून सारे शेतात जेवतात. त्या दिवशी शेत हेच देऊळ आणि शेत हेच चित्र असते. फरक एवढाच, की ज्यांना स्वतःचे शेत नाही ते त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात पाहुणे असतात. आपल्या शेतात कलावंत येऊ द्यावा की न द्यावा, हे जपानी शेतकऱ्याने ठरविले. मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराने काय ठरवावयाचे? दिवाळीनंतर कोयता घेऊन तो निघतो तेव्हा त्याच्या मागे गावात म्हातारी माणसेच उरतात. आपल्याकडे होकार घ्यावयाचा तर तो केवळ सातबाऱ्यावरील नावाचा घेऊन भागणार नाही. त्या जमिनीत घाम गाळणाऱ्याचाही घेतला पाहिजे. कसेल त्याची जमीन ही घोषणा आपण अर्धवट सोडली, त्याचे हेही एक देणे आहे.

एचिगो-त्सुमारीचा आणि महाराष्ट्राचा एक प्रत्यक्ष धागाही आहे. तोकामाचीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली एका बंद शाळेच्या इमारतीत मिथिला चित्रांचे संग्रहालय काढले. तेथे बिहारच्या चित्रकर्त्या स्त्रियांबरोबर आपले वारली चित्रकारही जाऊन राहिले आणि चित्रे काढून आले. जिव्या सोमा म्हसे हे त्यांतील थोर नाव. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी म्हसे यांच्या भागात येऊन शेतामाळावर रचना केल्या आणि २००३ साली जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे दोघांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

या गौरवाचा आम्हांस आनंद आहे. परंतु त्याच वारली मुलखात काय चालले आहे? १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी झुगारून उठलेल्या या आदिवासींच्या नातवंडांच्या जमिनींतून आज बुलेट ट्रेनचा मार्ग आणि द्रुतगती महामार्ग काढले जात आहेत. मच्छीमार आणि आदिवासी यांचा विरोध असतानाही ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. शहरांतील सार्वजनिक भिंतींवर वारली चित्रांतील नाचणारी माणसे काढली जातात. भिंतीवर वारली हवा, परंतु ग्रामसभेत तो नको! १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला जो अधिकार दिला तो नेमका 'नाही' म्हणण्याचा आहे, आणि नेमक्या त्याच अधिकाराला बगल देण्यासाठी कागद रंगविले जातात. ज्याला आपल्या शेताविषयी 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या चित्राला दिलेली दाद ही दाद नव्हे. ती त्याच्या गप्प बसण्याची किंमत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. कोणी कलावंत किंवा संस्था आपल्या गावातील शेतात काही उभारू इच्छित असेल तर त्याला हाकलून देऊ नका आणि आरतीही ओवाळू नका. त्याला प्रथम ग्रामसभेत बसवा. त्याचे म्हणणे भूमिहीनांच्या आणि स्त्रियांच्या समक्ष होऊ द्या, आणि त्यांचा नकार आला तर तो अंतिम माना. शेत शेतच राहील ना, पीक बुडणार नाही ना, हे विचारा. तिकिटाचे, चहाचे, मुक्कामाचे पैसे कोणाच्या हाती जाणार हे लिहून घ्या. त्या रचनेवर कोणाची जाहिरात येणार असेल तर ती रोप लावण्यापूर्वीच उघड करावयास लावा. आणि सर्वांत शेवटी, ती कृती गावाच्या कोणत्या प्रश्नाला वाचा फोडते, हे कलावंतालाच विचारा. तो चांगला कलावंत असेल तर या प्रश्नाने रागावणार नाही.

आणखी एक सावधगिरी. २०२३ साली आपल्या राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा मनोदय जाहीर केला. अशा शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ज्या दिवशी डोंगरातील एखाद्या बंद शाळेत सुंदर कलादालन काढण्याचा प्रस्ताव येईल, त्या दिवशी टाळ्या वाजविण्यापूर्वी विचारा की शाळा कोणी बंद केली आणि त्या मुलांना आता किती मैल चालावे लागते. तोकामाचीच्या शाळेत मुले नव्हती म्हणून कला आली. आपल्या वाड्यापाड्यांवर मुले आहेत.

कलेला आम्ही चैन मानत नाही. भाकरीइतकाच माणसाला आपल्या कष्टांचा अर्थ हवा असतो. आपली नदी कोठे गेली हे विचारण्यासाठी शब्द, रंग आणि खांब हवे असतात. शेतकऱ्याला ते मागण्याचा हक्क आहे, जसा हमीभाव मागण्याचा आहे. पण हे दोन्ही हक्क उभे राहतात ते तिसऱ्या एका हक्काच्या जोतावर: आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यात, आपल्या गावात कोणी काय करावे हे ठरविण्याच्या हक्कावर. हे जोते बांधण्याचे काम कोणताही कलावंत आपल्यासाठी करणार नाही. ते चळवळीचे काम आहे, आणि पालघरपासून बीडपर्यंत ते अद्याप अपुरे पडलेले आहे.